भिवाजी मसणेने नाकारलेला खेळ

रसायनीच्या एका रंगद्रव्यांच्या कारखान्यात भिवाजी मसणे भांडार कारकून होता. मूळचा दहिवलीचा, म्हणजे कर्जत स्टेशनात उतरून नदीचा पूल ओलांडला की आलाच. घरची भातशेती थोरल्या भावाकडे. याने कॉमर्स केलं आणि तेविसाव्या वर्षी कारखान्याच्या भांडाराच्या खिडकीमागे जाऊन बसला, तो बसलाच. कोणता व्हॉल्व्ह कोणत्या फळीवर आहे हे तो झोपेतून उठवलं तरी सांगत असे. त्याला मूल नव्हतं. कारखान्याच्या कॉलनीत दोन खोल्या होत्या, बायको मैना होती, आणि १९८५ सालापासून एक नाद होता.

त्या साली आखातातून आलेला एक इंजिनियर बदली होऊन जाताना आपला घरगुती कॉम्प्युटर कॉलनीच्या क्लबाला देऊन गेला. वहीएवढं काळं यंत्र, बटणं त्याच्याच अंगावर. ते टीव्हीला जोडायचं, बाजूला टेपरेकॉर्डर ठेवायचा आणि कॅसेटवरून खेळ आत घालायचा. कॅसेट फिरू लागली की कानात सळई घातल्यासारखा किरकिराट निघे, टीव्हीवर रंगीत पट्टे धावत. सहा मिनिटं हे सहन केलं तर खेळ उमटायचा. मध्येच व्होल्टेज पडलं तर पुन्हा पहिल्यापासून. मैना एकदाच क्लबात आली आणि म्हणाली, "आमच्या घरात मी जरा मोठ्यानं बोलले तर यांचं डोकं दुखतं. आणि हितं हे असं किंचाळतंय ते गोड लागतंय!"

क्लब रविवारी दहा ते एक उघडा असे. तीन तासांत, विजेचे लाड सांभाळून, चार-पाच खेळ व्हायचे. खेळणारे सात-आठ. एखादा फालतू खेळ निघाला की अर्धी सकाळ मातीत जाई. म्हणून मग कोणता खेळ घालण्याच्या लायकीचा आहे हे आधी कुणीतरी ठरवायला हवं होतं, आणि असलं काम भिवाजीकडे न जाता दुसऱ्या कुणाकडे गेलं असतं तर नवल. क्लबाची किल्ली त्याच्याकडे आली, कॅसेटींचा पत्र्याचा डबा आला, आणि त्याने महिन्याला एक कागद काढायला सुरुवात केली. भांडारातल्या टाइपरायटरवर, कार्बन घालून, दहा प्रती. एक क्लबाच्या फळ्यावर, बाकीच्या टपालाने खोपोली, कर्जत, अंबरनाथ, ठाणे इथल्या ओळखीच्या खेळाडूंना. कागदाचं नाव 'खेळण्याजोगे'. नावाखाली एक ओळ दर महिन्याला न चुकता असे: 'शेवटापर्यंत खेळल्याशिवाय शिफारस केली जात नाही.'

मुंबईच्या बाजारात परदेशी कंपन्यांच्या खेळांच्या नकलेच्या नकला मिळत. त्यांची शिफारस भिवाजी करत नसे. त्याचा जीव होता तो कुणी एकट्या माणसाने घरी बसून केलेल्या खेळांवर. नाशिकच्या एका बँकेतल्या माणसाने रेल्वेच्या यार्डाचा खेळ केला होता: एक इंजिन, दोन रूळ, चौदा वाघिणी, आणि सगळ्या क्रमाने लावायच्या. भिवाजीने त्यावर लिहिलं, 'पहिल्या अर्ध्या तासात राग येईल. तो गिळावा. पुढे हात आपोआप शिकतो.' बेळगावच्या एका शिक्षकाच्या मधमाश्यांच्या खेळावर लिहिलं, 'चित्रं कच्ची आहेत, खेळ पक्का आहे.' एकदा कुणीतरी विचारलं, या घरगुती खेळांचा एवढा पुळका कशाला? तो म्हणाला, "दुकानातल्या खेळाच्या मागं कंपनी असते, तिला आपल्या मताची पर्वा नाही. याच्या मागं एकच माणूस असतो, आणि तो कुठंतरी वाट बघत बसलेला असतो."

धाऊ पारधी कारखान्यात इन्स्ट्रुमेंट खात्यात होता. चौक गावाच्या वर डोंगरात जी ठाकरवाडी आहे, तिथला. वाडीतून आयटीआय केलेला तो पहिला. अंगाने काटकुळा, बोलायला कमी. पहिल्यांदा क्लबात आला तेव्हा दारातच चपला काढून उभा राहिला. दोन रविवार नुसतं बघितलं. तिसऱ्या रविवारी भिवाजीजवळ येऊन हळूच म्हणाला, "भाऊ, ह्यो खेळ आतून कसा केलेला असतो, ते बघाय मिळंल का?"

यंत्राबरोबर आलेलं पुस्तक इंग्रजीत होतं. भिवाजीने त्याची नक्कल काढून दिली, किल्ली दिली, आणि एक वही घातली: येण्याची वेळ, जाण्याची वेळ, सही. धाऊची पहिली पाळी संपे तीनला. साडेतीन ते साडेपाच तो क्लबात असे, मग चौकची एसटी, मग दीड-दोन तासांची चढण. सव्वा वर्ष तो असा येत राहिला. वहीत त्याच्या सह्यांनी एकोणीस पानं भरली. काय करतोस विचारलं की म्हणायचा, "डोंगर करतोय."

खेळाचं नाव त्याने 'उतार-चढ' ठेवलं. कॅसेटच्या एका बाजूला उतार, दुसऱ्या बाजूला चढ. मोळी घेऊन माणसाने वाडीतून बाजारात उतरायचं, आणि मीठ-तांदूळ घेऊन अंधाराच्या आत परत वर पोचायचं. चढाचा भाग आधी जमला. तो त्याने १९८७च्या दिवाळीआधीच कॅसेटवर चढवून ठेवला. उताराने मात्र त्याला रडवलं. तो पुरा व्हायला डिसेंबरची अखेर उजाडली.

या दोन्हींच्या मध्ये एक गोष्ट घडली. दिवाळीच्या सुट्टीत बेळगावच्या शिक्षकाची नवी कॅसेट टपालाने आली, ती काही केल्या चढेना. भिवाजीला ठाऊक होतं की टेपरेकॉर्डरच्या झाकणात एक बारीक भोक असतं, त्यातून आतल्या हेडचा, म्हणजे फीत वाचणाऱ्या तुकड्याचा, स्क्रू लागतो. तो फिरवला की हेड किंचित कलतं आणि आवाज साफ येतो. त्याने बारका पेचकस घेतला, कान लावला, किरकिराट सुरीसारखा धारदार होईपर्यंत स्क्रू फिरवला. बेळगावचा खेळ लगेच चढला. भिवाजी खूश झाला. दिव्याचा बल्ब बदलला तरी तारीख लिहिणाऱ्या या माणसाने ही गोष्ट कुठेच लिहिली नाही. त्याच्या लेखी ती दुरुस्ती होती.

त्यानंतर डब्यातल्या काही जुन्या कॅसेटी चढेनाशा झाल्या. इथल्या पावसाळ्यात चपलेला बुरशी येते, कपाटातल्या कपड्यांना येते; कॅसेटीही खराब व्हायच्याच. भिवाजीने त्यांच्यावर लाल फुली मारून त्या बाजूला ठेवल्या.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी 'उतार-चढ' क्लबात लागला. धाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. खुर्चीत भिवाजी बसला, मागे बाकीचे. उताराची बाजू पहिल्या झटक्यात चढली.

पडद्यावर डोंगराची एक तिरकी हिरवी धार, तिच्यावर डोक्यावर मोळी घेतलेला बोटभर माणूस. शत्रू नाही, बंदूक नाही, गुण नाहीत. नुसतं उतरायचं. पण भरभर उतरलं की मोळी डुलायची, डुलली की सुटायची. थांबत थांबत उतरलं की ऊन वर चढायचं आणि माणूस आपोआप मंद व्हायचा. मोळी टेकायला वाटेत तीनच खडक होते. कुठल्या खडकावर किती वेळ टेकायचं हे कुणी सांगत नव्हतं, पायांना कळावं लागत होतं. भिवाजीच्या चार मोळ्या सुटल्या. पाचव्या वेळी तो पावलं मोजायचं विसरला आणि खालच्या वडापाशी पोचला. चाळीस मिनिटं झाली होती. मागे कुणी खोकलंही नव्हतं.

"आयला," पॅकिंग खात्यातला पदू म्हणाला, "माजी मान दुखाय लागली रं, मोळी ह्यांच्या डोक्यावर नि!"

धाऊ खाली बघून हसला. भिवाजीने कॅसेट उलटली.

चढ चढला नाही. पट्टे धावले आणि मध्येच थिजले. पुन्हा लावली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा व्होल्टेज पडलं. चौथ्यांदा वीज नीट होती, तरी पडदा कोरा.

"दिवाळीत झाला व्हता, भाऊ," धाऊ म्हणाला. "मी सोता बघितलाय."

"धाऊ, तुजा माणूस डोंगर उतारला नि तसाच एसटीत बसून ममईला गेला वाटतं!" पदूने टाकलं आणि सगळे हसले. पदूच्या मनात काही नव्हतं. तो कुणाच्या बारशातही असंच काही बोलला असता.

धाऊही हसला. मग म्हणाला, "भाऊ, पुढच्या ऐतवारी परत बघाल?"

पुढच्या रविवारी परत बघितलं. तीन वेळा. नाही चढला. धाऊ म्हणाला, लिहून घेतलेलं काही नाही, जे होतं ते बटणांवरून सरळ कॅसेटवर. परत करायचं तर पहिल्यापासून करावं लागेल. मग जरा थांबून म्हणाला, "उतारावर काय लिवता आलं तर बगा."

"अर्ध्या खेळाची शिफारस मी करत नाही, धाऊ. तुझ्यासाठी नियम मोडला तर उद्या पदूसाठी मोडावा लागेल."

"बराबर हाय," धाऊ म्हणाला.

त्या महिन्याच्या कागदावर तळाला 'शिफारस नाही' असा रकाना होता. त्यात भिवाजीने टाइप केलं: 'उतार-चढ. कर्ता : धाऊ पारधी, रसायनी. अर्धवट. दुसरा भाग चालत नाही.' दहा शब्द. दहा प्रती गेल्या.

धाऊने फळ्यावरचा कागद उभ्याने वाचला. "कॅसेट नेऊ का?" त्याने विचारलं. भिवाजी म्हणाला, "तुझीच आहे." धाऊने वहीत जाण्याची वेळ लिहिली, सही केली. विसाव्या पानावर ती एकच सही राहिली.

त्यानंतर तो क्लबात आला नाही. भांडाराच्या खिडकीवर यायचा. "भाऊ, दोन प्रेशर गेज." भिवाजी द्यायचा. "भाऊ, पावती." पावती द्यायचा. भिवाजीला वाटे, पोरगा रुसलाय, येईल. नियम म्हणजे नियम. तो कुणा एकासाठी वाकवला तर त्या ओळीला अर्थ काय राहिला?

आषाढात खोपोलीच्या एका नव्या खेळाडूने नाशिकच्या यार्डाच्या खेळाची नक्कल मागितली. ती कॅसेट भिवाजीने याच टेपरेकॉर्डरवर भरली होती आणि तळहाताच्या फोडासारखी जपली होती. ती चढेना. बुरशी म्हणावी तर फीत आरशासारखी स्वच्छ. एका दुपारी बाहेर पाऊस कोसळत असताना भिवाजी क्लबात एकटाच बसून तिच्याशी झटत होता. शेवटी त्याने पेचकस घेतला आणि स्क्रू उलटा फिरवला. अर्धा आटा. किरकिराट धारदार झाला, पट्टे सरळ धावले, आणि चौदा वाघिणी पडद्यावर येऊन उभ्या राहिल्या.

त्याने लाल फुलीच्या अकरा कॅसेटी काढल्या. एकेक लावली. नऊ चढल्या.

दिवाळीआधी, हेडच्या जुन्या कलावर भरलेलं सगळं स्क्रू फिरवल्यावर मुकं झालं होतं. चढ दिवाळीआधीचा. उतार दिवाळीनंतरचा. भिवाजीने यंत्र बंद केलं आणि तो तसाच बसून राहिला. खुर्चीखाली पावसाचं पाणी आलं तेव्हा त्याने पाय वर घेतले, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाऊ खिडकीवर आला. "भाऊ, टेप द्या एक, वायरिंगची." त्याच्या मागे तिघे उभे होते. एवढ्या लोकांपुढे कसं बोलायचं, असं भिवाजीला वाटलं. टेप दिली, पावती दिली. मग वाटलं, नुसतं तोंडी सांगून काय उपयोग, दहा लोकांना छापून कळवलंय, तर दुरुस्तीही छापूनच जायला हवी. दुरुस्तीचा मजकूर त्याने मनात जुळवला. पण दुरुस्ती म्हणजे शिफारस, आणि शिफारस म्हणजे खेळ शेवटापर्यंत खेळायला हवा. म्हणजे कॅसेट मागावी लागणार. मागायची तर कारण सांगावं लागणार. गणपतीनंतर सांगू. सुट्टीवरून आला की निवांत सांगू. एकदा तर तो इन्स्ट्रुमेंट खात्याच्या दारापर्यंत गेला, आणि तिथे फोरमनला भलतंच काही विचारून परत आला.

गणपतीत कळलं की धाऊ रजेवर आहे, कावीळ झालीय. वाडीत झाडपाला चालू आहे. मग कळलं पनवेलला नेलाय. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेटावरच्या फळ्यावर खडूने त्याचं नाव लिहिलेलं होतं. पहिली पाळी दोन मिनिटं उभी राहिली आणि आत गेली.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी भिवाजीने क्लब उघडला नाही. चौकला उतरला आणि विचारत विचारत वाट धरली. भात पिवळं झालं होतं. शेतं संपली आणि चढण लागली तेव्हा वरून दोन बाया मोळ्या घेऊन उतरताना दिसल्या. भिवाजी बाजूला झाला. वळणावर छातीएवढा एक सपाट खडक होता. पुढची बाई तिथे थांबली, न वाकता मोळी टेकली, श्वास घेतला. भिवाजी त्या खडकाकडे बघत राहिला. अशा खडकापाशी त्याच्या दोन मोळ्या सुटल्या होत्या. वरची वाट त्याने बघितलेली नव्हती.

धाऊची बायको आवडी अंगणात नाचणी सुकवत होती. त्याने नाव सांगितलं.

"मसणेभाऊ तुमीच व्हय? बसा. लई बोलायचा तुमचं. किल्ली देतात बोलायचा." तिने पाट दिला, गूळ-पाणी दिलं.

भिवाजीने कॅसेटचं विचारलं. ती आत जाऊन टेपरेकॉर्डर आणि कॅसेट दोन्ही घेऊन आली. कॅसेटच्या चिठ्ठीवर 'उतार-चढ' खोडून खाली निळ्या शाईत लिहिलं होतं, 'जना आजी, धवळे'.

"फाल्गुनात आमच्या पाव्हण्यात लगीन व्हतं," आवडी म्हणाली. "जना म्हातारी लगनात धवळे गायाची. वाडीत आता तेवढीच येक राह्यली व्हती. खोकल्यानं पार गेलेली. तो बोलला, ही गेली म्हंजी सगळं जाईल, भरून ठेवू. दुसरी कॅसेट नव्हती घरात. मंग बोलला, ही घेऊ, ही काय कामाची नाय. दोन्ही बाजू भरली. म्हातारी वैशाखात गेली."

तिने बटण दाबलं. सेल उतरलेले होते, आवाज जड येत होता. म्हातारी गात होती, मध्ये खोकत होती, पुन्हा तिथूनच उचलत होती. ती बाजू संपत आली तसं गाणं थांबलं, खटका झाला, आणि एकदम किरकिराट सुरू झाला.

"त्याच्या म्होरं हे असंच हाय," आवडी म्हणाली आणि बंद करायला हात पुढे केला.

"राहू द्या," भिवाजी म्हणाला.

दोन मिनिटं तो आवाज अंगणात चालला. कोंबड्या लांब गेल्या. ही कॅसेटची दुसरी बाजू होती, म्हणजे तो चढाचा शेवट होता. माणूस वाडीत पोचतो ती जागा त्यात कुठेतरी असणार. पण सुरुवातीवाचून शेवट यंत्रात जात नाही. फीत संपली, बटण आपोआप वर आलं.

मग भिवाजीने तिला सगळं सांगितलं. पेचकस, स्क्रू, दिवाळी. तिला समजेल अशा शब्दांत सांगायला त्याला वेळ लागला. तिने मध्ये तोडलं नाही.

"म्हंजी खोट त्याच्या कामात नव्हती?"

"नव्हती. माझ्या हातात होती."

"तुमाला कवा समजलं?"

"आषाढात."

आवडीने नाचणीवरून हात फिरवला. "आषाढात तो कामाला येत व्हता," ती म्हणाली.

"हो."

"रोज येत व्हता."

भिवाजीने पाण्याचा तांब्या पाटाशेजारी सरकवला. पाटावर त्याचे गुडघे अवघडले होते. मग तिने विचारलं, "खेळ बरा व्हता का पन?"

"मी अर्धाच खेळलो, वहिनी."

"ते सांगितलं त्यानं. अर्धा कसा व्हता?"

"तीन वर्षांत मी तसा दुसरा बघितला नाही."

"मंग तेवढंच लिवायचं व्हतं," आवडी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिने कॅसेट काढून पदराने पुसली आणि आत नेऊन ठेवली. भिवाजीने ती मागितली नाही. मागण्याजोगं त्याचं त्यात काही उरलं नव्हतं.

ऑक्टोबरच्या 'खेळण्याजोगे'त एकच खेळ होता. नावाखालची नेहमीची ओळ नव्हती. 'उतार-चढ. कर्ता : धाऊ पारधी, ठाकरवाडी. जानेवारीच्या कागदात हा खेळ अर्धवट असल्याचं लिहिलं होतं. खेळ पुरा होता. दोष क्लबाच्या टेपरेकॉर्डरचा आणि तो हाताळणाऱ्याचा. मी उतार खेळलो आहे. तो प्रत्येकाने खेळावा.' खेळ आता कुठेच नाही, हे लिहायला त्याने दोनदा कागद टाइपरायटरवर चढवला आणि दोनदा काढला. शेवटी ते न लिहिताच प्रती गेल्या.

त्या शब्दांवर लोकांचा विश्वास होता. पंधरा दिवसांत खेळाच्या नकलेसाठी टपालाने कोऱ्या कॅसेटी येऊ लागल्या: कर्जतहून, अंबरनाथहून, ठाण्याहून. खोपोलीच्या नव्या खेळाडूने दोन पाठवल्या. एक भावासाठी, आणि सोबत चिठ्ठी, 'तुम्ही एवढं म्हणता म्हणजे बघायलाच हवा.' भिवाजीने सगळ्या कॅसेटी टेबलावर ओळीने मांडल्या. एकेक तशीच कोरी पुन्हा कागदात गुंडाळली, दोरा बांधला, पत्ता लिहिला. सोबत काय लिहावं ते सुचेना, म्हणून काहीच घातलं नाही. सोमवारी पोस्टात देऊन तो कामावर गेला आणि खिडकी उघडली. नोव्हेंबरचा कागद निघाला नाही, नंतरचेही नाहीत. कुणी विचारलं तर तो म्हणे, वेळ होत नाही.